रेषेवरची लव

संगीतयंत्रांचे समीक्षक कुवाबारा सेन्सेई, म्हणजे गुरुजी, यांच्या अंगणात विजेचा स्वतंत्र खांब होता. शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनमुळे विजेत येणारी घाण आपल्या संगीतात मिसळू नये म्हणून पदरमोड करून रोवलेला. असल्या कानसेनाच्या शब्दावर तोक्योतलं ते ऑडिओ मासिक चालायचं, आणि तोमोए मुरासे तिथे सव्वीस वर्षं यंत्रांची मापं काढत होती. तिला या जमातीचा मनस्वी वीट आला होता.

यंदा सुवा गावच्या एका लहान कारखान्याचा डिजिटल अॅम्प्लिफायर परीक्षणाला आला. हा प्रकार संगीताचे सेकंदाला चार लाख तुकडे करतो आणि शेवटी पुन्हा सांधतो. थोडा चुरा राहतोच. मापनाच्या पडद्यावर तो दिसतो, रेषेवर लव उगवल्यासारखा. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपुढचं ऐकूच येत नाही आणि हा चुरा त्याच्या कितीतरी वरचा, म्हणून मापताना मधे गाळणी लावायची. लावली की रेषा लख्ख.

"पडद्याचा गाळणीशिवायचा फोटो छापा," मासिकाच्या ऐकण्याच्या खोलीत सेन्सेई म्हणाले. "खाली तुमचं नाव हवं, मुरासेसान. लोक मापांवर विश्वास ठेवतात."

"आणि लेखात काय लिहिलंत?"

"वरच्या सुरांत वाळक्या बांबूची सळसळ."

"ती फोटो बघण्याआधी ऐकू आली, की नंतर?"

"कान तयार असावा लागतो, बाई."

हे तर वटवाघळालाही ऐकू येत नाही, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण संपादकांनी आधीच मान डोलावली होती. हा फोटो गेला की कारखाना बसणार, आणि तोही तिच्या नावाने. सव्वीस वर्षांत तिने एकही खोटं माप दिलं नव्हतं.

"दोन्ही फोटो छापू या," ती म्हणाली.

"एकच!" सेन्सेईंनी वैतागून डोक्याला हात लावला, आणि कुठेतरी बारीक शिट्टी वाजली. तोमोएने अॅम्प्लिफायरचं यंत्र पाहिलं. ते बंद होतं. शिट्टी सेन्सेईंच्या लांब पांढऱ्या केसांखालून येत होती. तिच्या आईचं श्रवणयंत्रही उशीला टेकलं की असंच वाजायचं.

"कधीपासून लावताय?"

सेन्सेईंचा चेहरा पडला. "तीन वर्षं. कुठे बोलू नका."

"त्यातही अॅम्प्लिफायर असतो, सेन्सेई. डिजिटलच. एवढ्याशा बॅटरीवर दुसरा कुठला चालणार? तीन वर्षं तुम्ही प्रत्येक सूर त्यातूनच ऐकलात. तिथे नाही सळसळलं काही?"

ते लालबुंद झाले. दोन्ही यंत्रं काढून त्यांनी बशीत ठेवली. "लावा रेकॉर्ड! असाच ऐकतो."

तिने सुवाच्या अॅम्प्लिफायरवर व्हायोलिन लावलं, रोजच्याच आवाजात. सेन्सेई डोळे मिटून, लेखणी सरसावून ताठ बसले. आता कसली पानं सळसळतात ते बघू, असं मनात म्हणत ती हाताची घडी घालून उभी राहिली. व्हायोलिन चढलं, उतरलं, पुन्हा चढलं.

"किती वेळ, मुरासेसान?" ते डोळे मिटूनच म्हणाले. "लावा ना."

मग त्यांनी डोळे उघडले. रेकॉर्ड फिरत होती. सुई मध्यापर्यंत आली होती.

बराच वेळ ते सुईकडे बघत राहिले. मग त्यांनी लव असलेला फोटो उचलला आणि शांतपणे फाडला.

"कसा वाजतोय हो?" त्यांनी विचारलं.

"फार छान," ती म्हणाली.

तेही त्यांना ऐकू गेलं नाही.