मेरुएर्तच्या वाट्याचा कान

ऐक ना आधी, मध्ये बोलू नकोस. आपल्या अल्माटीच्या संस्थेतली मेरुएर्त, हां, तीच, मेंढीच्या दुधातून रक्त गोठवणारं प्रथिन काढणारी. ज्या पोरांचं नुसतं खरचटलं तरी रक्त थांबत नाही, त्यांच्यासाठी औषध. त्यासाठी माणसाचा जीन घातलेली कोकरं जन्माला घातली, एकामागून एक मेली. जगली एकच. संस्थेकडे गोठा नाही, म्हणून ती डोंगरात म्हाताऱ्या मेंढपाळाकडे, दोसझान अतांकडे ठेवलेली, कानात पिवळा बिल्ला.

त्या दिवशी औषधाचं काम पुढे न्यायचं की नाही ते ठरवायला राजधानीतून मोठे साहेब थेट अतांच्या घरी आले. संचालक येर्केबुलान अगांनी आधीच अतांना निरोप धाडलेला, पाहुणे आले की मेंढी दारात आणा. दाखवायला, अजून कशाला! पण पाहुण्यांसमोर दारात मेंढी उभी केली की आपल्यात काय होतं? पाहुण्याने आशीर्वाद दिला की ती त्याच्यासाठी कापायचीच! साहेबांनी तळवे उघडले, आशीर्वाद पुटपुटले, तोंडावरून हात फिरवला. आता ती परत कशी न्यायची? अता गोंधळून अगांकडे बघत राहिले. अगांना बिल्ला दिसत होता गं. पण साहेबांना अडवणार कोण? त्यांनीही तळवे उघडले.

मेरुएर्त तेव्हा मागच्या खोलीत सकाळचं दूध बर्फात ठेवत होती. जेवायला आली ती भुकेलेली. उकडलेल्या मांसाच्या बेशबारमाकचे चार घास खाल्ले, वर म्हणाली, काय लुसलुशीत आहे.

मग मुंडकं आलं, मानाच्या पाहुण्यापुढे. साहेबांनी कान कापला आणि पंगतीत सगळ्यात लहान म्हणून तिच्या हातावर ठेवला.

"घे पोरी. मोठ्यांचं ऐकत जा."

कोमट, चिकट कान. मधोमध गोल भोक. तिला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा जिभेवर चरबी तशीच होती.

अगा हाड चोखत होते, हनुवटी तेलकट. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "पेशी गोठवून ठेवल्यात ना? दुसरी कर. आजाराने गेली म्हणू. साहेब खुशीत आहेत, तोंड वाकडं करू नकोस."

तेवढ्यात हात धुवायला पाणी घेऊन अता आले. "आवडलं ना पोरी? अगांनी हो म्हटलं, मला वाटलं तुझं काम उरकलं असेल."

बोललं तर हा म्हातारा शरमेने मरणार. गप्प बसलं तर खोटं आयुष्यभर तिच्या गळ्यात.

तिने कान साहेबांच्या ताटात ठेवला. "तुम्ही जी बघायला आलात ना साहेब, ती हीच. एकच होती."

अतांच्या हातातलं भांडं कलंडलं. ते भिंतीला टेकून खालीच बसले. अगा खोकायला लागले. आणि साहेब? त्यांनी कानाकडे पाहिलं, ताटातला पुढचा तुकडा उचलला आणि म्हणाले, "चव मात्र छान आहे हो."

आता सगळे तिलाच नावं ठेवतायत, म्हाताऱ्याची अब्रू घालवली म्हणून. अता तिच्याशी बोलत नाहीत. ती मांसाला हात लावत नाही.

तू सांग, तो कान तुझ्या हातावर असता, तर तू काय केलं असतंस?