घरचा भाव

माझी धाकटी बहीण बाजारभाव टिपायचं काम करते, हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की काही जण मला बघून रस्ता बदलतात. बदलू देत.

सांख्यिकी कार्यालयातली तिची नोकरी तात्पुरती. दर महिन्याच्या दहा तारखेला ठरलेल्या दुकानांत जायचं, त्याच सत्तावीस वस्तूंचे, त्याच वजनाचे भाव विचारायचे आणि तक्त्यात लिहायचे. गेल्या वर्षी यादीतलं एक किराणा दुकान बंद पडलं, तेव्हा तिच्या साहेबांनी जवळचं म्हणून माझं दुकान यादीत घातलं. मी चार दिवस छाती काढून फिरलो. आता महिनाअखेरीला तिच्या कायम होण्याचा कागद निघणार होता.

त्या दहा तारखेला ती गल्ल्याशी उभी होती.

"साबण, शंभर ग्रॅम?"

"अडतीस."

तिनं लिहिलं. तेवढ्यात एका नर्सबाईंनी तोच साबण पुढे केला आणि मी बेचाळीस घेतले. धाकटीचं पेन थांबलं.

"दादा, त्यांना बेचाळीस?"

"मग? त्या गिऱ्हाईक आहेत. तुला काय परक्याचा भाव लावू?"

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून. तेल, तांदूळ, सगळ्याचाच तुला घरचा भाव सांगतो," मी कौतुकानं म्हणालो. माझी अक्कल बघा!

ती मटकन पोत्यावर बसली. "अरे, मी साबण घेत नव्हते, भाव लिहीत होते! आधीच्या दुकानात हाच साबण बेचाळीसला होता. तुझ्याकडे अडतीस. म्हणजे कागदावर स्वस्ताई झाली. अशा शेकडो दुकानांच्या आकड्यांवरून महागाई किती वाढली ते ठरतं. ते बघून मध्यवर्ती बँक व्याजाचे दर वरखाली करते. मग लोकांचे घराचे हप्ते बदलतात. पेन्शनसुद्धा याच आकड्यावर वाढते."

"एका दुकानानं काय आभाळ कोसळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू आधी कायम हो."

"बिलांच्या प्रती काढ," ती म्हणाली.

अकरा महिन्यांची बिलं. दोन दिवस ती खरे भाव उतरवत बसली आणि मी आदळआपट करत तिला गठ्ठे देत राहिलो. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कार्यालयात गेलो. चूक माझी आहे असं सांगून तिला सोडवायचं, असा माझा बेत होता.

साहेबांनी तिचा आकडे दुरुस्त करण्याचा अर्ज वाचला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "यादीत ते दुकान मीच घातलं. दर महिन्याची सहीही माझीच. हा कागद मी बघितलाच नाही असं समजा. पुढच्या महिन्यापासून नीट लिहा. तुमची ऑर्डरही निघायचीय, नाही का?"

देव पावला! मी तिला कोपरानं ढोसलं.

तिनं अर्जाची दुसरी प्रत पुढे सरकवली. "साहेब, यावर पोच द्या."

साहेबांनी खण ओढून शाईचा पॅड बाहेर काढला. मग त्यांनी शिक्का मारला.

आकडे दुरुस्त होऊन वरच्या कार्यालयात गेले. माझं दुकान यादीतून गेलं. महिनाअखेरीला तिचा कागद आला, पण कायम होण्याचा नव्हे. आणखी एक वर्ष तात्पुरती. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. "दादा, मला हवी होती रे ती नोकरी." मी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. वाईट तर वाटत होतंच, पण खरं सांगतो, त्याहून जास्त अभिमान वाटत होता. एवढ्याशा पोरीचा केवढा हा कणा!

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं असताना निवृत्त मास्तरांनी विचारलं, "काय, झाली का बहीण कायम?"

एरवी मी विषय बदलला असता.

"नाही झाली," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "का नाही झाली, ते ऐकून जा." आणि माझ्या मूर्खपणासकट पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

मास्तरांनी चष्मा पुसून मला नीट न्याहाळलं. "म्हणजे आमच्या पेन्शनीवर उठलेला माणूस तूच?"

"मीच," मी म्हणालो. "आणि मला पकडून दिलं ते माझ्या बहिणीनं."