कडू पाणी

मी एक कोंबडी बोलतेय. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये, भुशावर, असंख्य बहिणींत वाढलेली. आईची ऊब मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यावर पिवळा, गरम दिवा होता.

पाणी मात्र पहिल्यापासून कडू. आम्हाला वाटायचं, पाण्याची चवच तशी असते. मालक रोज टाकीत औषधाची पुडी रिकामी करून काठीने ढवळायचे, मग कुणी आजारी असो वा नसो. आजार आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच दिलेलं बरं, असं ते मालकिणीला सांगत. माणूस वाईट नव्हता. लंगडणारीला उचलून वेगळी ठेवायचे, काम करताना शीळ घालायचे. त्यांच्या रबरी बुटांची चाहूल लागली की आम्ही दाराकडे पळायचो.

एकदा खाद्याचं भांडं बसवताना पत्र्याची कड त्यांच्या तळहाताला लागली. जखम एवढीशी. फडकं गुंडाळून ते पुन्हा भुसा उपसायला लागले. मालकीण डॉक्टरांकडे जा म्हणाली, तर हसण्यावारी नेलं. मग हात सुजला. शीळ थांबली. एका सकाळी अंगात हुडहुडी असतानाही ते आले, दाराला टेकून आमच्याकडे नुसते बघत राहिले. तेच शेवटचं.

त्यांचा धाकटा भाऊ आमचं दाणापाणी बघू लागला. एकदा काम करता करता त्याने फोन कानाला लावला, आणि खाद्याची बादली तिथेच टाकून घराकडे धावला. मालक गेले होते.

पुढे काही दिवसांनी तीच चाहूल आली. आम्ही पळत सुटलो. बूट तेच होते, पण त्यांत मालकीण होती. तिची पावलं आत सैल पडत होती. आम्ही थबकलो.

दीर पुडी फोडत होता. तिने त्याचा हात धरला.

"राहू द्या, भावजी."

"वहिनी, औषध बंद केलं तर पटापट मरतील या."

"दवाखान्यात ह्यांना याच जातीचं औषध दिलं. मग त्याहून भारी, मग त्याहूनही. एक लागू पडेल तर शपथ. डॉक्टर म्हणाले, जखमेतले जंतू औषधांना सरावलेत. आणि मला विचारलं, तुमच्याकडे कोंबड्या आहेत का? रोज औषध पाजलं की त्यांच्यातले जंतू असेच सरावतात म्हणे."

दिराने पुडी खिशात घातली.

त्या दिवसापासून आम्हाला साधं पाणी मिळालं. काही जणी दगावल्या. तेव्हा मालकीण त्यांना मांडीवर घेऊन रडली. आपण केलं ते बरोबर की चूक, तिला कळेना. आता ती भुसा वेळेवर बदलते, आणि जनावरांचे डॉक्टर सांगतील तेव्हाच औषध देते. पण एवढ्या दिवसांत आमच्या पोटात, पिसांत, भुशात जे वस्तीला आलं, ते कुणाच्या सांगण्याने उठून जात नाही.

माझं अंडं देणं आता संपलं. उद्या गाडी येईल. सोबत काय काय नेतेय, मलाही दिसत नाही. कुणाच्या ओट्यावर पोचेन, ठाऊक नाही. तुमच्याच पोचले, तर मला नीट शिजवा. आणि मला हाताळल्यावर, लेकराला जवळ घेण्यापूर्वी, हात धुवा.