जिन्यापाशी संपणारा बाण

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायांना भिंगरी आहे. अशा माणसाने उपासनाशास्त्रात एम.टीएच. करायला घ्यावं आणि त्यापायी बारा रविवार चर्चच्या गॅलरीत जागचं न हलता बसावं, हा देवाचा विनोदच म्हणायचा.

विषय मीच निवडला होता: शांतीचं अभिवादन. प्रभुभोजनाच्या आधी पाळक म्हणतात, "शांती तुम्हांबरोबर असो," आणि मग मंडळी एकमेकांचे हात हातात घेऊन तेच म्हणतात; उत्तर ठरलेलं, "आणि तुझ्याबरोबरही असो." दोन-तीन मिनिटांचा कारभार. पण कोण कुणाला हात देतं, कोण कुणाला टाळतं, कोण बाक सोडून पार पलीकडे जातं, हे आमच्याकडे कुणी मोजलेलं नव्हतं. माझे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही पाठीमागे तळटीप सर म्हणतो, त्यांनी बजावलं होतं, "अंदाज नकोत. आकडे आणा." मग मी बाकांचा नकाशा काढला, प्रत्येक जागेला क्रमांक दिला आणि दर रविवारी वरून बघत पेन्सिलीने बाण काढायला लागले. तेही आमच्याच मंडळीत, कारण दुसरीकडे परवानगीचे अर्ज करत बसायला मला धीर नव्हता.

गॅलरी रिकामीच असते, गायकमंडळ केव्हाच खाली आलंय. कुणी वर येऊन गप्पा मारू नयेत म्हणून जिन्याच्या पायथ्याशी मी दोरी बांधली आणि तिला पुठ्ठा लटकवला: 'संशोधन चालू आहे. कृपया वर येऊ नये.' पहिल्याच रविवारी आत्याने तो वाचला नि म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यालाही आता पदवी मिळते होय?" मी हसून सोडून दिलं.

झाकलेलं काय होतं ते सांगूनच टाकते. माझी ताई सातव्या बाकावर बसते आणि दोन वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते. बी.डी.च्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीच्या, शेवटच्या परीक्षेच्या वेळी आई आजारी पडली. मी वसतिगृहात होते. ताईने परस्पर ठरवलं, छोटीचे पेपर होऊ देत, मग सांगू. शेवटच्या पेपरच्या दिवशी सकाळी आई गेली. मला पहिला वर्ग मिळाला. ती गुणपत्रिका मी पुन्हा उघडलेली नाही. "माझी आई तू चोरलीस," असं मी ताईला म्हटलं होतं, आणि त्यानंतर तोंडाला कुलूप. नकाशात मात्र ती मला सोयीची झाली. सातवा बाक, तिसरी जागा. सात-तीन. क्रमांकाशी बोलावं लागत नाही.

मंगळवारी सरांनी बाराही तक्ते टेबलावर पसरले. मी खुर्चीत पाय हलवत होते. एका बाणावर त्यांचं बोट थांबलं.

"ही सात-तीन कोण?"

"मंडळीतल्या एक बाई."

"शांतीची वेळ झाली की ह्या बाजूच्या वाटेने मागे जातात. मग बाण गॅलरीच्या खाली गडप. तुम्ही लिहिलंय, 'पाणी प्यायला?'"

"तिथल्या मागच्या दाराबाहेर नळ आहे, सर."

"बाराही रविवारी नेमकी तेव्हाच तहान लागते?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "गॅलरीच्या खाली आणखी काय आहे?"

"जिना."

"तो कुठे जातो?"

"वर," मी म्हटलं. "माझ्याकडे."

"मग नकाशात तुमची जागा कुठंय?"

ती मी काढलीच नव्हती. एकशे चाळीस जागा मोजल्या आणि स्वतःला विसरले. "दिव्याखाली अंधार," सर पुटपुटले आणि समासात लाल शाईने लिहिलं: 'निरीक्षक कोठे? सुधारा.' त्यांच्या लेखी ती पद्धतीतली चूक होती.

मंगळवार ते रविवार मी धड जेवले नाही. ग्रंथालयात एक पान वाचायचे नि उठायचे. ताईचा नंबर चारदा लावला आणि वाजायच्या आत कापला. पाणी प्यायलाच जात असेल तर? दोन वर्षांचा अबोला एका पेन्सिलीच्या रेघेवर कसा मोडायचा? आणि पाणी प्यायला जात नसेल तर, हा विचार आला की मी उठून खोलीतच फेऱ्या घालायचे.

रविवारी मी वर गेले नाही. दोरी आणि पुठ्ठा तसाच राहू दिला. खोटं कशाला बोलू, मला आधी खात्री करायची होती. खाली शेवटच्या बाकावर खांबाआड बसले. पाळकांनी शांती म्हटली, मंडळी उठली, एकच गलका झाला. ताई बाजूच्या वाटेने आली. माझ्यासमोरून गेली, मला न बघता. दाराकडे वळलीसुद्धा नाही. दोरीपाशी उभी राहिली, मान वर केली, उजवा हात दोरीवरून पुढे धरला आणि हळूच म्हणाली, "शांती असो, छोटे."

मग ती तशीच थांबली. उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढी.

त्या उत्तराच्या इतिहासावर माझ्या प्रबंधात अकरा पानं आहेत. मी खांबाआडून बाहेर आले.

"ताई, मी इथे आहे."

ती दचकून वळली. "वर नाहीस?"

"आज नाही."

"आणि इतके दिवस?"

"होते. वरच होते."

"ऐकू यायचं?"

"नाही गं. त्या गलक्यात जिन्याखालचं काहीच ऐकू येत नाही."

ताईने वर गॅलरीकडे पाहिलं. "मला वाटायचं, येतं. येतं, पण तू उत्तर देत नाहीस."

मला रडू आलं आणि रागही आला, तिचा की माझा कोण जाणे. "वर का नाही आलीस मग?"

"तूच लिहिलंयस ना, येऊ नये." तिने पुठ्ठ्याकडे बोट केलं. "मी चुकले होते. तुला न विचारता ठरवलं. म्हटलं, आता तरी तुझं ऐकावं."

माझा राग गेला नाही. आजही पुरता गेलेला नाही. पण मी तिचा हात धरला. तो गार पडला होता. "आणि तुझ्याबरोबरही असो," मी म्हटलं. तोवर पाळकांची पुढची प्रार्थना सुरू झाली होती, सगळी मंडळी खाली बसली होती आणि आम्ही दोघीच उभ्या होतो.

ताईने नाक पुसलं. "हे तुझ्या त्या कागदावर घालणार?"

"नाही, ताई. सगळे बाण खोडून टाकते."

"खोडू नकोस," ती म्हणाली. "बारा वेळा आले होते मी. तेवढं तरी मोज."