बाबांच्या डोक्यामागची भिंत

आमचा दादा पोटापाण्यासाठी भिंती विकतो, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तो वेबसाइटच्या मागे लावायची टेक्श्चर बनवतो. कापड, लाकूड, भिंत, दिसेल त्याचा फोटो काढायचा, चौकोनी तुकडा कापायचा, आणि तो फरशीसारखा शेजारी शेजारी लावत गेलं तरी सांधा दिसू नये अशी त्याची सफाई करायची. तुकड्यात जे जे उठून दिसतं ते सगळं पुसावं लागतं. एखादा डाग राहिला, की तोच डाग स्क्रीनभर रांगेने दिसायला लागतो आणि बिंग फुटतं.

बाबा गेल्यावर घराला रंग द्यायचं मीच डोक्यात घेतलं. आईला जरा बरं वाटेल म्हणून. ती मावशीकडे गेली होती तेवढ्यात रंगाऱ्याला बोलावून बाहेरची खोली उरकून टाकली. दादा मागच्या खोलीत कामात गढलेला. वास आला म्हणून त्याने खिडकी उघडली, एवढाच त्याचा हातभार.

आई परतली आणि बाकामागच्या भिंतीकडे बघत उभीच राहिली. बाबा रोज संध्याकाळी तिथे डोकं टेकून बसायचे. तेलकट डाग पडला होता.

"पुसलास?" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिचं कशातच लक्ष लागेना. ताटावरून अर्धपोटी उठायची. मला स्वतःचा असा संताप आला होता की सांगता सोय नाही.

मग आठवलं, दादाने त्याच भिंतीचा फोटो काढला होता. धावत त्याच्या खोलीत गेले. त्याने फाइल उघडली. पोपडे, तडे, सगळं जागच्या जागी. डाग तेवढा नव्हता.

"मूळ फोटो?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं."

"अरे, बाबांचा डाग होता तो!"

"तेव्हा बाबा होते ना," तो म्हणाला.

मग तो आठवून आठवून डाग रंगवायला बसला. मी मागून सांगत होते, जरा मोठा, कडेला फिकट. आमचं एकदाही वाजलं नाही, हेच नवल. डाग असा जमला की मला भरून आलं.

आईला आणून खुर्चीत बसवलं. "जुना फोटो सापडला गं," दादा थाप मारून मोकळा झाला.

आईने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"बरा काढलायस," ती म्हणाली. दादाचं तोंड एवढंसं झालं. "त्यांचा असाच होता. पण माझा कुठंय?"

"तुझा?"

"त्यांच्या शेजारी. जरा खाली."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. रंगाऱ्याला ती भिंत मी दाखवली होती. दादाने तर ती कणाकणाने पुसली होती. दोघांनाही तिथे दुसरा डाग आठवेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती खाली?" दादाने विचारलं.

आई उठली. बाहेरच्या खोलीत गेली, बाकाच्या एका कडेला अंग चोरून बसली आणि नव्या रंगाला डोकं टेकवलं.

"इथे," ती म्हणाली.