ताश्तानने टाळलेलं जेवण

मित्रांनो, मी एक जुना दस्तरखान आहे. आमच्या नारिन नदीकाठी लोक जमिनीवर बसून जेवतात, तेव्हा सगळ्यांच्या मधोमध जे कापड अंथरतात ना, तोच मी. झूरा एजेने, म्हणजे गावाच्या थोरल्या ताईने, लग्नाच्या वर्षी मला शिवलं. काठावर मेंढ्याच्या शिंगांची लाल नक्षी तिनेच भरली. किती बारशी, किती लग्नं पाहिली मी! चहा सांडला तरी मी कधी कुरकुर केली नाही.

पुढे एजे येशूच्या मागे चालू लागली. पहिल्या ईस्टरला जेवणाआधी तिने त्याच्या नावाने प्रार्थना केली, तसा तिचा धाकटा भाऊ ताश्तान, बहिणीने वाडवडिलांची वाट सोडली म्हणून, ताडकन उठला. आमच्याकडे दस्तरखान नुसता ओलांडणं म्हणजेसुद्धा अन्नाला लाथ मारणं. हा तर बुटांसकट मला तुडवून गेला. एजेने मला धुतलं, आणि पुढच्या वर्षी ईस्टरच्या जेवणाचं पहिलं बोलावणं त्यालाच धाडलं.

तेव्हापासून दारासमोरची मानाची जागा त्याच्यासाठी रिकामी राहू लागली. त्याचे निरोप मात्र यायचे. कधी शेताला पाणी सोडायची पाळी, कधी सासुरवाडीचे पाहुणे. मित्रांनो, त्याचे डोळे धडधाकट होते, पण बोलावण्यातली माया काही त्याला दिसेना. एजे उट्टं काढायला बोलावते, असंच तो धरून बसला. फाटकापर्यंतही यायचा नाही, कारण फाटकात आलेल्याला आम्ही नान चाखवल्याशिवाय परत पाठवत नाही, आणि नानला नाही म्हणायची कुणाची छाती नाही. हळूहळू इतर पाहुणेही गळाले. मी वर्षभर पेटीत पडून राहायचो आणि मला कसर लागायची. फार वाईट वाटायचं.

यंदा निरोप आला की घोडी विणार आहे. एजेने मला अंगणात अंथरलं. मूठभर माणसं बसली, तोच दोर तोडून एक गाभण घोडी आत घुसली. शेजारची म्हातारी सोनुन हसून हसून वाकली. "झूरा, ताश्तानची सबबच आली बघ जेवायला."

मागोमाग ताश्तान फाटकात. "घोडी द्या माझी," तो बाहेरूनच म्हणाला.

"आज विणार होती ना ही?" एजेने विचारलं.

"उद्या व्याईल."

एजे नान घेऊन फाटकाशी गेली. त्याने तुकडा मोडला, तोंडात घातला. त्याची नजर माझ्यावर पडली. "एजे, तोच का हा? मी तुडवलेला?"

"तोच."

"मग मला अजून का बोलावतेस?"

"बोलावणारी मी कोण, बाबा? ज्याच्या नावाचं हे जेवण आहे, त्यालाही लोकांनी तुडवलं. तरी तो जागा राखून ठेवतो. आता उभं राहून माझे पाय दुखले. येतोस की नाही?"

ताश्तान खाली बसला तो बूट काढायलाच. डोळे पुसत, मला वळसा घालून, तो मानाच्या जागी जाऊन बसला. मित्रांनो, त्या क्षणी मी राजाच्या तंबूपेक्षा मोठा झालो होतो.

दोन घास पोटात गेले आणि त्याने आजूबाजूला पाहिलं. "एवढं मटण आणि माणसं इतकीच?" म्हणत तो अनवाणीच गल्लीत पळाला. घराघरापुढे त्याचा आवाज घुमला. "चला रे, एजेकडे जागा आहे. आणि सबबी मला सांगू नका, त्या सगळ्या मीच वापरून झाल्यात."

माणसं हसत आली, मेंढपाळ आले, रस्त्यावरचे ट्रकवालेही आले. मांडीला मांडी लागली, माझ्यावर रस्सा सांडला, आणि मी धन्य झालो.

मित्रांनो, माझ्यासारख्याला जपा, पण पेटीत कोंडून नको. अंथरा, माणसं बोलवा, मग खुशाल धुवा. आणि देवाने हाक मारली तर फाटकात उभे राहू नका. आत या, तुमच्या वाटचं ताट त्याने केव्हाच वाढलं आहे.