आत्याच्या डोळ्यावरची वाटी

मित्रांनो, तळहातात मावणारी, अंगभर भोकं असलेली ॲल्युमिनियमची वाटी तुम्ही कधी पाहिली आहे का? तीच मी. माझ्यात चहा राहत नाही, आणि चाळणी म्हणावं तर पीठही चाळता येत नाही. मी जखमी डोळ्यावर बसते. डोळ्याला न शिवता त्याला जपायचं, हे माझं काम.

एका यंत्रानं पत्र्याच्या तुकड्यातून मला एका दणक्यात घडवलं. माझी कड मात्र एका बाईनं हातानं घासली आणि स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिली. टोचत नाही अशी खात्री झाल्यावरच तिनं मला पुढे सरकवलं. मग मी डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एका खणात येऊन पडले. शेजारची कात्री आणि टॉर्च सारखी बाहेर जायची, मला मात्र कुणी विचारत नव्हतं. एकदा तर सिस्टरांनी माझ्यात टाचण्या ठेवल्या. त्या भोकांतून गळून गेल्या, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं.

एके दिवशी किल्ल्या बनवणारी आत्या आली. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. तिचा एक डोळा मिटलेला होता आणि हाताला वंगण लागलेलं होतं. तिच्या वहिनीनं तिला दंडाला धरून आणलं होतं. काय झालं ते वहिनीनंच सांगितलं. अडकलेलं कुलूप फोडताना आत्या छिन्नीवर हातोडी मारत होती. टक् आवाज झाला आणि डोळ्यात काहीतरी गेलं. रक्त आलं नाही, फारसं दुखलंही नाही, फक्त धूसर दिसू लागलं. कचरा असेल म्हणून आत्या डोळा चोळणार, इतक्यात वहिनीनं तिचा हात धरला. शेजारचा दुकानदार पाण्याचा जग घेऊन धावला, त्यालाही तिनं परत पाठवलं. आत्या वाटभर कुरकुरत होती, की गिऱ्हाईक तिकडे ताटकळलंय आणि तुम्ही मला कुठे नेताय.

डॉक्टरीणबाईंनी प्रकाश टाकून पाहिलं. बुबुळावर बारीकशी चीर होती. बाहुली गोल राहिली नव्हती, एका बाजूला ओढली जाऊन थेंबासारखी झाली होती. त्यांनी डोळ्यावर बोटाचा जरासुद्धा दाब पडू दिला नाही. पापणी अलगद सोडली आणि मला मागवून घेतलं.

"डोळ्याला हात लावायचा नाही, वाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "चहापाणीही आता नको, भूल द्यावी लागेल. छिन्नीची कपची आत गेली असावी."

"आणि डोळा?" आत्यानं विचारलं.

"वाचवायचा पुरता प्रयत्न करू. दिसेल किती, ते आज नाही सांगता येणार."

मी कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकले. वरून चिकटपट्टी लागली. माझ्याखाली पापणी थरथरत होती. इतका वेळ कुरकुरणारी आत्या अगदी हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, एका डोळ्यानं किल्लीचे दाते कापता येतील का हो?"

वहिनी रुमालानं आत्याच्या बोटांवरचं वंगण पुसत राहिली.

स्कॅनमध्ये कपची दिसली. शस्त्रक्रिया चालली होती तेव्हा मी वाफेत निर्जंतुक होत होते, म्हणून जे सांगते ते सिस्टरांच्या तोंडून ऐकलेलं. केसाहून बारीक धाग्यानं चीर शिवली. मग नाजूक चिमट्यानं कपची काढली. डोळ्यातलं भिंग फुटलं होतं, तेही काढावं लागलं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, जंतू मारायची औषधं सुरू झाली, आणि मी पुन्हा माझ्या जागी बसले.

मग मी आत्याबरोबर घरी गेले. झोपेत डोळा चोळला जाऊ नये म्हणून तिथे माझी नेमणूक होती. आत्या मला 'माझं झाकण' म्हणायची. वहिनी हात धुऊन औषधाचे थेंब घालायची आणि मला रोज साबणानं धुऊन कोरडं करायची. घरातल्या काचेच्या भांड्यांचेसुद्धा इतके लाड होत नव्हते.

जखम भरल्यावर डोळ्यात नवं, कृत्रिम भिंग बसवलं. मग एकदा डॉक्टरीणबाईंनी तिचा चांगला डोळा झाकून विचारलं, काय दिसतंय? आत्यानं समोरची मोठी अक्षरं वाचली. बारीक अक्षरं काही जमली नाहीत. मग ती मान वळवून बराच वेळ पाहत राहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "स्वेटरची बटणं एक घर चुकलीत तुमची."

वहिनी हसली, आणि हसता हसताच रडली.

आज आत्या संरक्षक चष्मा लावून पुन्हा किल्ल्या घडवते. माझी कड वाकली आहे, आता मी कुणाच्या कामाची नाही. तरी कड घासणाऱ्या त्या बाईपासून वहिनीपर्यंत किती हातांचे उपकार मानू!

मित्रांनो, डोळ्यात काही घुसलं तर चोळू नका, धुऊ नका, ओढून काढू नका. डोळ्याला न टेकेल असा कागदी पेला वरून हलकेच धरा आणि तडक दवाखाना गाठा. घाव घालण्याआधी चष्मा लावा. आणि तुमच्यापैकी कुणालाही माझ्यासारख्या वाटीची कधी गरजच पडली नाही, तर सर्वांत जास्त आनंद मलाच होईल.